फ्लॅग२२ घातलं तरी पान गप्प: आरओएस बर्स्ट पुन्हा पुन्हा सपाट येतो तेव्हा

परवा ज्युनियरने प्लेट रीडरपासून हाक मारली, "ताई, परत सपाट." जाऊन बघितलं तर बारा वेलच्या, म्हणजे प्लेटमधल्या खळग्यांच्या, बारा रेघा तळाला चिकटून चाललेल्या. फ्लॅग२२ हा बॅक्टेरियाच्या प्रथिनाचा तुकडा. तो ओळखला की पान थोडा वेळ क्रियाशील ऑक्सिजन (आरओएस) सोडतं, हाच आरओएस बर्स्ट, आणि तो आम्ही उजेडाच्या रेघेत मोजतो. फ्लॅग२२ घालून वीस मिनिटं झाली होती, एव्हाना डोंगर चढून उतरायला लागायला हवा होता. पोरगी रडकुंडीला आलेली, कारण गेल्या आठवड्यात हाच प्रयोग झकास आला होता आणि तिने काहीच बदललं नव्हतं. "काहीच बदललं नाही" हे वाक्य मी स्वतः दोन महिने घोकलेलं आहे, म्हणून हे सगळं एकदाचं लिहून काढते.

पद्धत बहुतेकांची एकच असते. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या प्रयोगाच्या झाडाची चार-पाच आठवड्यांची रोपं, लहान दिवसात वाढवलेली, फुलोऱ्याला न आलेली. पानातून पंचने ४ मिमीच्या चकत्या काढायच्या, पांढऱ्या ९६ वेलच्या प्लेटमध्ये पाण्यावर रात्रभर तरंगत ठेवायच्या. सकाळी ते पाणी काढून ल्युमिनॉल (उजेड देणारं रसायन), एचआरपी (त्यातून उजेड काढणारं एन्झाइम) आणि १०० नॅनोमोलर फ्लॅग२२ घालायचं. पहिली दोन-तीन मिनिटं काही होत नाही. मग रेघ उठते, दहा ते पंधरा मिनिटांच्या आसपास शिखर गाठते आणि पाऊण तासाच्या आत खाली येते. तक्रार अशी की कधी हा डोंगर येतो, कधी टेकडी येते, आणि कधी काहीच येत नाही.

दोष शोधायचा तर वाट माहीत हवी, म्हणून थोडक्यात. फ्लॅग२२ हा बॅक्टेरियाच्या शेपटीतल्या फ्लॅजेलिन या प्रथिनाचा २२ अमिनो आम्लांचा तुकडा. शेपटीच्या रचनेत हा भाग महत्त्वाचा असल्यामुळे तो जातीजातीत फारसा बदलत नाही, आणि झाडांनी नेमका तोच हेरून ठेवला आहे. दाराबाहेरच्या चपलांवरून आत कोण आलंय ते ओळखावं, तसं. ही चपलांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. बाझेलमध्ये थॉमस बोलर यांच्या गटाने १९९९ मध्ये हा तुकडा दाखवून दिला आणि २००० मध्ये तो ओळखणारा रिसेप्टर, एफएलएस२. पेशीच्या पडद्याबाहेर त्याची ल्युसीनने भरलेल्या २८ वेढ्यांची कमान असते आणि आतल्या बाजूला कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट लावणारा भाग. तुकडा कमानीत बसला की बॅक१ नावाचा जोडीदार येऊन चिकटतो. आत बिक१ नावाचा दुसरा कायनेज जागा होतो आणि आरबोएच-डी या पडद्यातल्या एन्झाइमला फॉस्फेट लावतो. त्याच सुमारास कॅल्शियम पेशीत शिरतं. आरबोएच-डी पेशीबाहेर सुपरऑक्साइड सोडतं, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि ते वापरून एचआरपी ल्युमिनॉलमधून निळसर उजेड काढतं. आपण बघतो तो फक्त हा शेवटचा उजेड. मधलं काहीही अडलं तरी स्क्रीनवर सपाट रेघच दिसते. रेघ काही सांगत नाही, आपणच तिला प्रश्न विचारायचे असतात.

पहिला प्रश्न पाच मिनिटांचा आहे आणि तोच कोणी विचारत नाही. चकती नसलेल्या रिकाम्या वेलमध्ये तुमचं ल्युमिनॉल-एचआरपीचं मिश्रण घ्या आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका, अगदी पातळ केलेला, मायक्रोमोलरमधला. ताबडतोब उजेड यायला हवा. नाही आला तर पानाला बोल लावू नका. ल्युमिनॉल उजेडात राहिलेलं असतं, एचआरपी दहादा वितळून गोठवलेलं असतं, किंवा कोणीतरी अँटिबॉडीच्या कप्प्यातली बीएसएची (गाईच्या रक्तातल्या प्रथिनाची) बाटली उचललेली असते आणि तिच्यात सोडियम अझाइड असतं. अझाइड एचआरपीला बंदच पाडतं. पारदर्शक प्लेट घेतली तर उजेड शेजारच्या वेलमध्ये सांडतो. काळी घेतली तर बराचसा ती स्वतःच गिळते. आणि हो, प्लेटचं झाकण. मी एकदा पूर्ण तास झाकणासकट मोजलंय, त्यावर जास्त बोलत नाही.

उलट, प्लेट उजेडातून उचलून लगेच मशीनमध्ये ढकलली तर पहिली काही मिनिटं आकडे उगाच वर दिसतात आणि घसरत जातात. तो पानाच्या हरितद्रव्याचा उरलेला उजेड असतो, प्रतिकारशक्तीचा त्याच्याशी संबंध नाही. आधी पाच-दहा मिनिटं अंधारात ठेवा.

दुसरा प्रश्न कायटिनचा. माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित परीक्षा आहे. कायटिन म्हणजे बुरशीच्या भिंतीतला पदार्थ. तो ओळखायला एफएलएस२ लागत नाही, बॅक१ही लागत नाही. त्याची वाट सर्क१ या वेगळ्या रिसेप्टरवरून जाते. पण शेवटी दोन्ही वाटा त्याच आरबोएच-डीला येऊन मिळतात. म्हणजे कायटिनला डोंगर आला आणि फ्लॅग२२ ला नाही, तर ल्युमिनॉल ठीक, एचआरपी ठीक, आरबोएच-डी ठीक, रोपंही जिवंत. गडबड एकतर पेप्टाइडमध्ये (म्हणजे फ्लॅग२२ च्या तुकड्यात) किंवा एफएलएस२ च्या आसपास. दोन्हींना सपाट आलं तर शोध खालच्या टोकाला न्यायचा. प्रत्येक प्लेटवर एफएलएस२ नसलेला आणि आरबोएच-डी नसलेला, असे दोन्ही म्युटंट (तो जीन बिघडलेली रोपं) ठेवले तर फारच छान. जागा नसेल तर निदान पहिला तरी ठेवाच.

पेप्टाइडचं म्हणाल तर फ्लॅग२२ तसं दणकट आहे, पण पातळ द्रावणात ते प्लास्टिकच्या नळीला चिकटून बसतं. स्टॉक १ मिलिमोलर ठेवा, छोटे छोटे भाग करून उणे २० ला. पातळ करायचं ते त्या दिवशीच, आणि दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम बीएसए असलेल्या द्रावणात. अझाइड नसलेलं बीएसए, हे आता सांगायला नको. फ्लॅग२२ ऐवजी एल्फ१८ वापरत असाल, म्हणजे बॅक्टेरियाच्या ईएफ-टीयू प्रथिनाच्या टोकाचा तुकडा, तर त्याच्या सुरुवातीला अॅसिटिल गट आहे ना ते ऑर्डर देतानाच बघा. तो नसेल तर पान त्याला फारशी दाद देत नाही. तंबाखूच्या कुळातल्या बेंथामियानावर एल्फ१८ घालून वाट बघत बसलेलेही मी बघितलेत. तो तुकडा ओळखणारा ईएफआर रिसेप्टर मोहरीच्या कुळातच सापडतो. बेंथामियानाला तो मुळात नाही, दुसरीकडून आणून घातल्याशिवाय ते झाड ऐकणारच नाही. आणि कोणाच्या फ्लॅजेलिनवरून तुकडा बनवलाय तेही पाहा. अॅग्रोबॅक्टेरियमचा किंवा राल्स्टोनियाचा तेवढाच तुकडा घेतला तर अरॅबिडॉप्सिसचा एफएलएस२ त्याला ओळखतच नाही. त्या जिवाणूंनी नेमकी तेवढीच चप्पल बदलली आहे.

बियांच्या पाकिटावर विश्वास ठेवू नका. वासिलेव्स्किया, म्हणजे डब्ल्यूएस-०, या जातीचा एफएलएस२ जन्मतःच मोडका आहे. तुमचा म्युटंट त्या पार्श्वभूमीवर बनवलेला असेल आणि तुलनेला कोलंबिया ही नेहमीची जात ठेवली असेल, तर "आमच्या जीनशिवाय प्रतिकारशक्ती जाते" असा शोध लागेल आणि तो खोटा असेल. इथिलीन हे झाडाचं संप्रेरक न कळणारे म्युटंटही फसवतात. एफएलएस२ बनवण्याची सूचना इथिलीनच्याच वाटेने येते, त्यामुळे त्या रोपांत रिसेप्टरच कमी असतो.

आता माझे ते दोन महिने.

मे महिना होता. शुद्ध पाण्याच्या मशीनचं कार्ट्रिज संपलेलं, नवीन येईपर्यंत सगळे कोपऱ्यातल्या नळ लावलेल्या पांढऱ्या कॅनमधलं डिस्टिल्ड वॉटर वापरत होते. फ्लॅग२२ ला सपाट, कायटिनला भरगच्च डोंगर. पेरॉक्साइडच्या थेंबाला उजेड. म्हणजे संशय पेप्टाइडवर. नवीन नळी उघडली, सपाट. दुसऱ्या लॅबमधून उसनं आणलं, सपाट. मग माझंच जुनं पेप्टाइड द्रव माध्यमातल्या कोवळ्या रोपांना १ मायक्रोमोलर दिलं आणि दहा दिवस थांबले. कोलंबियाची रोपं खुरटली, एफएलएस२ नसलेली टुमदार वाढली. पेप्टाइड निर्दोष सुटलं. मग रोपांचा डीएनए काढून पीसीआर केला, कोलंबियाच निघाली. चकत्यांवर फ्लॅग२२ घालून दहा मिनिटांनी एमएपी कायनेजचा (रिसेप्टर जागा झाला की पेशीत चेतणाऱ्या एन्झाइमांचा) ब्लॉट केला, तर जिथे ठसठशीत पट्टे यायचे तिथे पुसट सावल्या. म्हणजे उजेडाचा घोळ नव्हताच. चकतीतला एफएलएस२ खरोखरच ऐकत नव्हता, आणि त्याच बियांच्या कोवळ्या रोपातला मात्र ऐकत होता.

शेवटी वही घेऊन बसले. चौदा प्लेटपैकी दोन चांगल्या आल्या होत्या. त्या दोन तारखांना वेगळं काय? पानं तीच, पंच तोच, माणूस मीच. समासात पेन्सिलने लिहिलेलं दिसलं: "कॅन रिकामा, पाणी वरच्या मजल्यावरून आणलं."

कॅनच्या नळाच्या तोंडात बोट घातलं. आत बुळबुळीत थर. गुलाबी झाक असलेला, बेसिनच्या जाळीवर साठतो ना, तसला.

इथे मी दुसरी चूक केली, आणि खरं सांगायचं तर हीच चूक बहुतेक जण करतात. मी कॅनमधलं पाणी ऑटोक्लेव्ह केलं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक. जिवाणू मेले, आता प्रश्न मिटला, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी रेघ तितकीच सपाट. चार दिवस डोकं धरून बसले होते, मग मॅडम चहा घेता घेता म्हणाल्या, "अगं, एफएलएस२ ला जिवाणू जिवंत आहे की मेलेला हे कसं कळणार?" खरंच की. तो बघतो फक्त तुकडा. हा तुकडा उकळूनही मोडत नाही. मुळात फ्लॅजेलिनचा शोध लागला तोच उकळून मारलेल्या जिवाणूंच्या अर्कातून झाडं चेततात यावरून. पाहुणा मेला तरी चपला दारातच होत्या, आणि माझ्या चकत्या रात्रभर त्या चपला बघत बसल्या होत्या.

खात्री करायला सोपा प्रयोग केला. वरच्या मजल्यावरच्या स्वच्छ पाण्यावर रात्र काढलेल्या चकत्या घेतल्या आणि सकाळी त्यांना फ्लॅग२२ च्या जागी कॅनमधलं पाणीच घातलं. सुंदर डोंगर! ऑटोक्लेव्ह केलेल्या पाण्यालाही डोंगर. एफएलएस२ नसलेल्या चकत्यांत बारकीशी टेकडी, कारण जिवाणूत ईएफ-टीयू आणि इतरही ओळखण्याजोगं बरंच असतं. लॅबमधलं पाणी तपासायला यापेक्षा स्वस्त यंत्र मला अजून मिळालेलं नाही.

मग सकाळी सपाट का? एफएलएस२ ला एकदा फ्लॅजेलिन भेटलं की पेशी तो रिसेप्टर पडद्यावरून आत ओढून घेते. २००६ मध्ये हे चमकणारं प्रथिन जोडलेल्या एफएलएस२ वर प्रत्यक्ष दिसलं: फ्लॅग२२ दिल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास पडद्यावरचा उजेड विरतो आणि पेशीत ठिपके ठिपके दिसायला लागतात. आत गेलेला रिसेप्टर मोडीत निघतो. पान पुन्हा ऐकू लागायचं तर नवीन एफएलएस२ बनून पडद्यावर यावा लागतो, त्याला काही तास जातात, आणि तोही फ्लॅजेलिन आसपास नसेल तर. माझ्या चकत्यांचा बर्स्ट रात्री कधीतरी, मी घरी जेवत असताना, होऊन गेला होता. सकाळी त्या दमलेल्या. कायटिनचा रिसेप्टर वेगळा, त्याला रात्री कोणी छेडलं नव्हतं, म्हणून तो ताजातवाना. सगळा पुरावा पहिल्याच आठवड्यात समोर होता, मला वाचता आला नाही एवढंच.

तेव्हा तुमचं चित्र "कायटिन येतो, फ्लॅग२२ येत नाही, रोपं कोलंबियाच, पेप्टाइड कोवळ्या रोपांवर चालतं" असं असेल, तर आधी पाणी बदला, बाकी नंतर. ताजं, मशीनमधून त्याच संध्याकाळी काढलेलं. मशीनचं पहिलं अर्धा-एक लिटर सोडून द्या, कारण नळीत साचलेलं तेच असतं. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळून भागेल का, असं ज्युनियरने विचारलं. जिवाणू अडकतील, पण शेपटीपासून सुटून पाण्यात विरघळलेलं फ्लॅजेलिन त्या भोकांतून आरामात जातं. काचेची बाटली वापरत असाल तर ती कोरडी करून ठेवा. तळाला बोटभर पाणी ठेवून वरून नवीन ओतत राहण्याची सवय फार वाईट. पंच आणि चिमटा ७० टक्के अल्कोहोलने पुसा. रोपांना वरून फवारा मारून पाणी देऊ नका. मातीचे शिंतोडे उडालेलं पान म्हणजे आधीच जिवाणूंशी बोलणं झालेलं पान. ट्रेमध्ये पाणी साचून हिरवा तवंग आलेला असेल आणि वर चिलटं उडत असतील, तर ती बॅच या प्रयोगाला सोडून द्या.

रात्रभर तरंगत ठेवायची कटकटच नको, असंही काहींना वाटतं. ते जमत नाही. कापलेल्या कडेच्या पेशी फुटून एटीपी आणि बाकी आतला ऐवज बाहेर सांडतात, आणि झाडाकडे तेही ओळखणारे रिसेप्टर आहेत. बाहेर सांडलेला एटीपी ओळखणारा रिसेप्टर २०१४ मध्ये सापडला. ताजी चकती म्हणजे जखमेने आधीच बोंब मारणारी चकती, तिच्यात तुमचा फ्लॅग२२ चा आवाज हरवतो. बारा ते सोळा तास पुरतात. त्यापेक्षा जास्त ठेवलं तर कितीही स्वच्छ पाणी असलं तरी पानावरून आलेले जिवाणू त्यात वाढायला लागतात, आणि आपण फिरून कॅनपाशी.

बाकीच्या गोष्टी पटकन. चकत्या एकाच वयाच्या पानांतून घ्या, मधल्या शिरेला टाळून. सगळ्या प्लेट दिवसाच्या एकाच वेळेला करा, झाडाचं घड्याळ प्रतिकारशक्तीतही ढवळाढवळ करतं. सरासरी काढण्याआधी प्रत्येक चकतीची रेघ वेगळी बघा: बारापैकी सहा उंच आणि सहा सपाट असतील तर ती "मध्यम प्रतिक्रिया" नाही, तुम्ही दोन वेगळ्या रोपांतून किंवा दोन वेगळ्या पाण्यांतून चकत्या घेतल्या आहेत. ज्युनियरच्या बाबतीत तेच निघालं, फक्त कॅनऐवजी वॉश बॉटल. ती बाटली कधीपासून टेबलावर आहे ते कोणालाच आठवेना.

उलटी तक्रारही येते: नुसतं पाणी घातलेल्या वेलमध्येच डोंगर. पिपेटचं टोक चकतीला टोचलं तर एखादी रेघ उठते, ती ओळखू येते कारण बाकीच्या शांत असतात. सगळ्याच उठल्या तर बीएसए, एचआरपी, पाणी एकेक करून वगळत जा आणि प्रत्येक वेळी शेजारी एफएलएस२ नसलेली चकती ठेवा. तिच्यात उठाव नसेल तर कुठेतरी फ्लॅजेलिन मिसळलेलं आहे, मग बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. जिवाणूपासून काढलेला कोणताही अर्क वापरत असाल तर हे कराच. बॅक्टेरियाच्या भिंतीतलं लिपोपॉलिसॅकराइड ओळखणारा म्हणून २०१५ मध्ये अरॅबिडॉप्सिसमधला लोअर हा रिसेप्टर जाहीर झाला होता. २०१९ मध्ये असं दिसलं की तो प्रत्यक्षात ओळखतो ती त्या अर्कासोबत निघून आलेली मध्यम लांबीची हायड्रॉक्सी स्निग्धाम्लं, लिपोपॉलिसॅकराइड नव्हे. तेव्हा अर्कावर डोंगर आला की आधी तोच अर्क एफएलएस२, ईएफआर आणि लोअर नसलेल्या चकत्यांवर घालून बघा, मग पुढच्या प्लेटसाठी पानं कापा.